डमडमची गोळी आणि सांबराची शिकार

कुंभकोणमला एन.सी.सी.च्या मुलांना पॉइंट टू-टू रायफल शिकवताना एक प्रश्न हमखास येतो. युद्धात बंदी असलेली गोळी शिकाऱ्याला कशी चालते? उत्तरासाठी कोलकात्याजवळच्या डमडमला जावे लागते.

१८८८ नंतर ब्रिटिश पलटणींना मार्टिनी-हेन्रीऐवजी थ्री-नॉट-थ्री मिळाली. मार्टिनीची उघड्या शिशाची गोळी ४८० ग्रेनची, म्हणजे सुमारे ३१ ग्रॅम. नवी जेमतेम २१५ ग्रेनची आणि वरून पूर्ण धातूचे जॅकेट. ती लांब जाई, पण आरपार निघून जाई. १८९५ च्या चित्राल मोहिमेतून तक्रारी आल्या की गोळी लागलेला माणूसही धावून येतो. तेव्हा डमडमच्या कारखान्यात कॅप्टन बर्टी-क्ले यांनी टोकावरचे जॅकेट काढून शिसे उघडे ठेवले. शरीरात शिरताच गोळी फुलू लागली. १८९७-९८ च्या तिराह मोहिमेत ती वापरली गेली.

१८९९ साली हेगला अशा गोळ्यांवर बंदीचा ठराव आला. तिथे ब्रिटनचे सर जॉन आर्डाघ यांचा युक्तिवाद असा होता की सुसंस्कृत सैनिक जखमी झाला की थांबतो, 'रानटी' मात्र थांबत नाही. मला हा सगळा वाद इथेच उघडा पडतो असे वाटते. सरहद्दीवरच्या पठाणाला त्यांनी श्वापदाचा हिशेब लावला होता. ब्रिटनने हा ठराव मान्य केला तो १९०७ मध्ये.

श्वापदाच्या बाबतीत मात्र तो हिशेब बरोबर आहे. सैनिक लढाईबाहेर झाला की काम झाले. त्याला डॉक्टर आहे, स्ट्रेचर आहे. अडीचशे किलोच्या सांबराच्या अंगातून जॅकेटची गोळी आरपार गेली तर ते झाडीत शिरून तासन् तास तडफडते. अमेरिकेत एल्कचे शिकारीही म्हणूनच सॉफ्ट नोज वापरतात. त्यांची आवडती थर्टी-ऑट-सिक्स ही १९०६ ची अमेरिकन लष्कराची काडतुसे. केस तीच, फक्त गोळी बदललेली, बहुधा १८० ग्रेनची. हलकी आणि फार वेगवान गोळी खांद्याच्या हाडावर फुटून वरवरची जखम करते. ती फुलावी, पण तिचे तुकडे होऊ नयेत.

शिकाऱ्यांच्या गप्पा मात्र केसवरच रंगतात. इथून जवळ नाचियारकोविलला पितळी समया ओततात. काडतुसाची केसही पितळेचीच, ७० टक्के तांबे नि ३० टक्के जस्त. बार उडताच ती फुगून चेंबर बंद करते आणि लगेच आकसते, म्हणून सहज बाहेर निघते. तिचे काम तिथे संपते. जनावराला भेटते ती गोळी.

आपल्याकडे थ्री-नॉट-थ्री लष्करी बोअर म्हणून सामान्य परवानाधारकाला बंद. त्याच्या हाती आली इशापूरची थ्री-वन-फाइव्ह. गंमत म्हणजे तिचे काडतूस मुळात ऑस्ट्रियन सैन्याचे, आठ मिलिमीटर मानलिखर. आमच्या खडकीच्या १८६९ च्या कारखान्यात ते बनत आले, 'के एफ' शिक्क्याचे, सॉफ्ट नोजचे. पुढे वन्यजीव कायद्याने सांबराची शिकार थांबली. पुष्कळ घरांत ती रायफल अजून आहे, परवाना दर मुदतीला नवा होतो, आणि डब्यातल्या जुन्या काडतुसांवर हिरवट गंज धरलेला असतो.