रंग बदलला, फडकं तेच राहिलं

इतिहास म्हटलं की लढाया आणि तह आठवतात. आज मात्र मी गाडीच्या रंगाचा आणि तो घरच्या घरी जपण्याचा इतिहास सांगणार आहे.

इंदिरानगरात राहणाऱ्याने यावर बोलावं, याला कारण आहे. मार्च २०२४ मध्ये बंगळुरूच्या पाणीपुरवठा मंडळाने पिण्याच्या पाण्याने गाडी धुण्यावर बंदी घातली. दंड ५,००० रुपये, पुन्हा सापडलात तर वर रोजचे ५००. पहिल्या तीन दिवसांत २२ घरांकडून १ लाख १० हजार वसूल झाले. पुष्कळांना तो जाच वाटला. मला वाटला नाही. हे पाणी कावेरीचं. सुमारे १०० किलोमीटरवरून येतं आणि जवळपास अर्धा किलोमीटर उंच चढवावं लागतं. नळी दहा मिनिटं सोडली की शंभरेक लिटर गटारात गेलंच समजा. पण गाडी धुवायची तरी कशी, हा प्रश्न खरा होता, आणि त्याचं उत्तर इतिहासात सापडतं.

सुरुवात आपल्याच मातीतून करू. चकाकीच्या लेपाला जग ‘लॅकर’ म्हणतं, तो शब्द आपल्या लाखेवरून, म्हणजे संस्कृत ‘लाक्षा’वरून गेला. सावंतवाडीच्या गंजिफांवर लाखेचा लेप असे. बंगळुरूहून म्हैसूरकडे जाताना चन्नपट्टण लागतं, तिथे खेळणी आजही लेथवर फिरवून लाखेने रंगवतात आणि केवड्याच्या जातीच्या पानाने घासून चकाकवतात. पाणी नाही, साबण नाही.

मोटारी आल्या तेव्हा त्यांचा रंग घोडागाडीसारखाच होता. व्हार्निशचे थरावर थर, प्रत्येक वाळायची वाट बघायची, एका गाडीला आठवडे लागत. फोर्डने बराच काळ गाड्या काळ्याच विकल्या, त्यात ही घाई होती. मग १९२३ साली ड्यूपाँच्या ‘ड्यूको’ रंगात जनरल मोटर्सची ओकलंड गाडी आली आणि आठवड्यांचं काम तासांवर आलं. घरोघरी मेणाने पॉलिश करायची सवयही त्याच काळात पसरली. त्यात वाखाणलं गेलं ते कार्नोबा मेण. ब्राझीलच्या कोरड्या भागातलं एक ताडासारखं झाड आपल्या पानांतलं पाणी उडू नये म्हणून ते पानांवर धरतं. पाणी वाचवायला झाडाने केलेलं मेण माणसाने चकाकीसाठी खरवडून घेतलं!

आता आपल्याकडे या. वालचंद हिराचंद यांची प्रीमियर कंपनी, कुर्ल्याचा कारखाना, तिथून निघालेली फियाट, पुढची पद्मिनी. या गाड्यांचा रंग एकसलग होता. वर वेगळा पारदर्शक थर नाही. उन्हाने रंग पांढुरका पडायचा, पॉलिश करून घासला की मेलेला थर फडक्यावर यायचा आणि खालून ताजा रंग निघायचा. मुंबईचे टॅक्सीवाले सकाळी एक बादली आणि एक फडकं घेऊन काळी-पिवळी पुसायचे. ओरखडा उठला तर पॉलिशमध्ये जायचा. त्या रंगाला ती रीत शोभत होती. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली आणि २० वर्षांनी, ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली.

फौजेचा हिशोब उलटा. बूट आणि पितळ लख्ख, गाडी मात्र निस्तेज हवी, कारण चमक म्हणजे शत्रूला पत्ता. १९७१ च्या डिसेंबरात नागरी गाड्यांच्याही दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळा रंगवलेला मी लहानपणी पाहिला आहे. पण मेंटेनन्स परेडला चिखल सुकलेला चालत नसे. आमचे एमटी हवालदार सांगत, माती आधी भिजवा, मग हात लावा.

१९९१ नंतर मेटॅलिक रंगांच्या गाड्या वाढल्या आणि त्यांच्याबरोबर क्लिअर कोट रुळला. म्हणजे रंगावर एक पारदर्शक कवच. चकाकी त्याची, उन्हापासून राखणही त्याचीच. जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन, आपल्या केसापेक्षा कमी. ते घासलं गेलं की परत येत नाही. आणि त्यावर आपण फिरवतो काय? तेच धुळीचं सुकं फडकं! काळ्या गाडीवर उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसतात ना, त्या पुसण्याने पडलेल्या आहेत.

तेव्हा माझी रीत सांगतो. गाडी सावलीत, पत्रा गार झालेला. अर्धी बादली पाणी, त्यात न खळबळता पुसायचं मिळतं ते द्रावण, आणि पाचसहा मायक्रोफायबर फडकी. जाड चिखल असेल तर ही रीत नाही, तो आधी भिजवून उतरवायचा. एरवी टपापासून सुरुवात, एकेक भाग ओला करायचा, थोडं थांबायचं, सरळ रेषेत हलक्या हाताने पुसायचं, दर वेळी फडक्याची नवी घडी. वापरलेलं फडकं बादलीत परत बुडवायचं नाही. लगेच दुसऱ्या फडक्याने कोरडं. पाणी पावसाचं साठवलेलं असेल तर उत्तम. आरओचं वाया जाणारं पाणी पुष्कळ जण वापरतात, पण त्यात क्षार एकवटलेले असतात, पांढरे डाग पडतात. त्याने फरशी पुसा. आमच्या गल्लीत झाडं दाट, त्यामुळे पक्ष्यांची शिट आणि चिकट थेंब त्याच दिवशी, ओल्या फडक्याने भिजवून काढतो. वर्षातून तीनचारदा मेण.

बंदी आली तेव्हा सगळ्यात जास्त घाबरला होता तो आमच्या इमारतीत पहाटे गाड्या पुसायला येणारा मुलगा. महिन्याच्या पैशांवर त्याचं घर चालतं. आम्ही चार घरांनी वर्गणी काढून त्याला दोन डझन फडकी घेऊन दिली. धुऊन वाळत घालायला गच्चीवर दोरी बांधली. एकच हुकूम दिला आहे: जमिनीवर पडलेलं फडकं त्या दिवशी परत गाडीला लागणार नाही. आता आठ गाड्यांना त्याला चार बादल्या पुरतात.