उत्तर ठाऊक असण्याची किंमत

परकी भाषा नव्याने शिकू लागलेला विद्यार्थी कादंबरी वाचायला बसतो, तेव्हा शब्दकोश त्याच्या हाताशी असतो. प्रत्येक अनोळखी शब्दाला तो पुस्तक खाली ठेवतो, कोश उघडतो, अर्थ पाहतो आणि परत येतो. परत येईपर्यंत वाक्याचा धागा सुटलेला असतो. एकाही शब्दाचा अर्थ चुकलेला नसतो, आणि तरी संध्याकाळपर्यंत दहा पानेही वाचून होत नाहीत. आम्हा अध्यापकांना हे दृश्य परिचयाचे आहे. कोश केव्हा उघडावा आणि केव्हा उघडू नये, हे कोणत्याच कोशात लिहिलेले नसते. याच प्रश्नाशी बुद्धिबळ खेळणारे संगणक गेली काही दशके झुंजत आहेत. विषय आमच्या वाचकांना काहीसा आडवाटेचा वाटेल. पण स्मरण आणि विचार यांच्या नात्याचा इतका मोजून मापून लिहिला गेलेला इतिहास आम्हांला दुसरीकडे क्वचितच आढळला.

संगणक खेळीचा विचार करतो म्हणजे शक्यतांचा एक वृक्ष उभा करतो. आपण ही खेळी केली तर प्रतिस्पर्धी कोणत्या करील, त्यांतील प्रत्येकीला आपले उत्तर काय, असे करत तो फांद्यांच्या टोकांपर्यंत जातो, तिथल्या स्थितीविषयी एक अंदाज बांधतो आणि ते अंदाज मुळापर्यंत परत आणतो. सेकंदाला किती स्थिती तपासल्या, ही त्याच्या वेगाची रूढ मोजणी. टोकाशी मिळतो तो मात्र अंदाजच. निश्चित ज्ञान नव्हे. पटावर मोजकेच मोहरे उरतात, त्या अंतिम टप्प्यात या अंदाजाऐवजी पूर्ण सत्य ठेवता येईल काय, असा प्रश्न त्यातून उभा राहिला.

वाट सुचवली ती रिचर्ड बेलमन या गणितज्ञाने, १९६५ साली. डाव पुढून मागे सोडवायचा. जिथे मात झालेली आहे अशा सगळ्या स्थिती आधी लिहून काढायच्या. मग त्यांच्यापर्यंत एका खेळीत नेणाऱ्या, मग दोन खेळींत नेणाऱ्या, असे उलट्या पावलांनी चालत राहायचे. दोन राजे आणि एक हत्ती एवढेच पटावर असतील, तर ६४ घरांवर त्यांच्या मांडण्या २,६२,१४४ होतात. त्यांतल्या अशक्य मांडण्या वगळल्या की उरलेल्या प्रत्येकीचा निकाल कायमचा नोंदवता येतो. टोमास श्ट्र्योलाइन यांनी १९७० मध्ये म्युनिक येथे सादर केलेल्या प्रबंधात तीन-चार मोहऱ्यांच्या काही अंतिम स्थिती याच रीतीने पूर्ण सोडवल्या. पुढे अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतील केन थॉम्प्सन यांनी हे काम पाच मोहऱ्यांपर्यंत नेले. पाच मोहरे म्हणजे एकेका जुळणीला शंभर कोटींहून अधिक मांडण्या. या सारण्यांना पुढे टेबलबेस हे नाव रूढ झाले.

या सारण्यांनी प्रथम माणसांना धक्का दिला. वजीर विरुद्ध हत्ती हा डाव वजीरवाल्याने जिंकायचाच, असे पुस्तके सांगत. १९७० च्या दशकाच्या अखेरीस थॉम्प्सन यांचा संगणक हत्तीच्या बाजूने बसला आणि अमेरिकेचे ग्रँडमास्टर वॉल्टर ब्राउन यांनी वजीर घेऊन पैज लावली. ३१ खेळींत जिंकता येण्याजोगी स्थिती होती. ५० खेळींची मुदत असूनही ब्राउन जिंकू शकले नाहीत. काही आठवड्यांच्या अभ्यासानंतर ते पुन्हा बसले आणि बरोबर पन्नासाव्या खेळीला त्यांनी हत्ती टिपला. १९८३ मध्ये थॉम्प्सन यांनी दोन उंट विरुद्ध एक घोडा हा प्रश्न सोडवला. क्लिंग आणि हॉरविट्झ यांनी १८५१ मध्ये दाखवलेली घोड्याची तटबंदी अभेद्य मानली जात होती. सारणीने सांगितले की ती अखेर फुटते, मात्र विजयाला ६६ खेळी लागू शकतात. प्यादे न हलवता आणि काही न मारता ५० खेळी झाल्या की डाव बरोबरीत सोडवता येतो, हा नियम त्यामुळे अडचणीत आला. १९८० च्या दशकात काही अंतिम स्थितींपुरती ही मुदत वाढवण्यात आली. १९९२ मध्ये ती सवलत रद्द झाली.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. असे निर्भ्रांत ज्ञान जवळ असलेला संगणक अधिक वेगाने विचार करील, असे कोणालाही वाटेल. घडले ते वेगळेच.

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात यूजीन नालिमोव्ह यांनी रचलेल्या सारण्या घरोघरच्या संगणकांवर आल्या. त्यांत प्रत्येक स्थितीपुढे मात किती खेळींवर आहे, हा आकडा होता. पाच मोहऱ्यांपर्यंतच्या सारण्यांना सुमारे ७ गिगाबाइट जागा लागे. पुढे सहा मोहऱ्यांचा संच पूर्ण झाला, तो सुमारे १.२ टेराबाइटचा. एवढा ग्रंथ संगणकाच्या स्मृतीत मावणे अशक्य. तो हार्ड डिस्कच्या तबकडीवर राहणार. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीला एका फेऱ्यासाठी आठ मिलिसेकंदांहून थोडा अधिक वेळ लागतो, आणि वाचणारा काटा जागेवर सरकायला आणखी काही. म्हणजे एका नोंदीसाठी सुमारे दहा मिलिसेकंद धरावेत. सेकंदाला पाच लाख स्थिती तपासणारे इंजिन तेवढ्या वेळात पाच हजार स्थिती तपासून मोकळे झाले असते. एक उत्तर पाहण्यासाठी पाच हजार विचारांचा खोळंबा! अलीकडे वाचलेला मजकूर स्मृतीत धरून ठेवण्याची सोय होती, पण वृक्षाच्या फांद्या दूरदूरच्या नोंदी मागू लागल्या की ती अपुरी पडे. आमच्या जुन्या संगणकावर डाव अंतिम टप्प्याकडे झुकला की डिस्कची खरखर सुरू होई आणि पडद्यावरचा वेगाचा आकडा डोळ्यांदेखत कोसळे. यंत्र अधिक जाणते झाले होते आणि म्हणूनच मंदावले होते.

तथापि वेगाचा आकडा हा पुरता साक्षीदार नव्हे. सारणीत सापडलेल्या स्थितीखालची सगळी फांदी छाटली जाते. तिच्यापुढे विचार करण्याचे कारणच उरत नाही. ती स्थिती मुळाजवळ असेल, तर एका नोंदीने लाखो स्थितींचा शोध वाचतो. तीच टोकाजवळ असेल, तर जेमतेम चार-दोन स्थितींचे काम वाचते आणि किंमत मात्र तेवढीच पडते. शिवाय बहुतेक स्थिती टोकांपाशीच दाटलेल्या असतात. तेव्हा शहाणपणाचा नियम असा ठरला, की पुढे बराच शोध शिल्लक असेल तेथेच सारणी उघडावी. टोकाशी अंदाजावर भागवावे. आजच्या स्टॉकफिश या इंजिनातही किती खोली शिल्लक असताना सारणी पाहावी हे ठरवणारा एक आकडा असतो, आणि शोध मंदावत असेल तर तो वाढवावा, असा सल्ला दिला जातो.

दुसरा उपाय अधिक मूलगामी होता: लक्षात ठेवायचे तेच कमी करावे. कास्पारोव्ह यांना १९९७ मध्ये हरवणाऱ्या डीप ब्लूने ही वाट आधीच धरली होती. सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासणाऱ्या या यंत्राजवळ पाच मोहऱ्यांपर्यंतच्या आणि निवडक सहा मोहऱ्यांच्या सारण्या होत्या, पण त्यांत प्रत्येक स्थितीला एकच बिट दिलेला होता: हार, किंवा हार नाही. त्या सामन्यात या सारण्यांची गरज भासण्याची वेळ केवळ चौथ्या डावात जवळ आली, आणि निकालावर त्यांचा निर्णायक परिणाम झाला नाही, ही गोष्टही नोंदवण्यासारखी आहे. २०१३ मध्ये रोनाल्ड द मान यांच्या सिझिजी सारण्यांनी ज्ञानाची सरळ दोन भागांत विभागणी केली. एका भागात केवळ विजय, बरोबरी, हार, आणि ५० खेळींच्या नियमामुळे हातचा जाणारा विजय किंवा टळणारी हार. दुसऱ्या भागात पुढच्या माराला किंवा प्याद्याच्या चालीला किती अंतर आहे याची नोंद. सहा मोहऱ्यांचा संपूर्ण संच सुमारे १५० गिगाबाइटांत बसला. नालिमोव्ह यांच्या संचाच्या जेमतेम आठव्या हिश्शात. शोध चालू असताना फक्त पहिला, आटोपशीर भाग उघडायचा. तो बराचसा स्मृतीत राहू शकतो, आणि आजच्या फिरती तबकडी नसलेल्या साठवणीवरून वाचताना पूर्वीचा खोळंबाही उरत नाही. २०१८ मध्ये सात मोहऱ्यांचा संच पूर्ण झाला, तो मात्र सुमारे १८ टेराबाइटचा. म्हणजे जुना प्रश्न एक पायरी वर सरकून पुन्हा उभाच.

मग दुसऱ्या भागाचे प्रयोजन काय? केवळ 'ही स्थिती जिंकलेली आहे' एवढेच जाणणारे यंत्र जिंकेलच असे नाही. विजय न गमावणाऱ्या अनेक खेळी असतात. त्यांतून ते एकदा इकडे, एकदा तिकडे राजा हलवत राहू शकते. प्रत्येक खेळी निर्दोष आणि प्रगती शून्य. म्हणून प्रत्यक्ष पटावर तशी स्थिती अवतरली की, म्हणजे वृक्षाच्या मुळाशी, अंतर सांगणारा भाग उघडावा लागतो. निकाल ठाऊक असणे आणि वाट ठाऊक असणे यांतला हा भेद साहित्याच्या विद्यार्थ्याला सांगण्याची गरज नसावी. थोर म्हणून मान्य झालेल्या कवितेचे थोरपण पाठ असलेला, आणि त्या थोरपणाकडे कवितेतून कसे जावे हे ठाऊक नसलेला विद्यार्थी आम्ही वर्गात पाहिलेला आहे. खरे सांगायचे तर कधीकाळी आम्हीही तोच होतो.

वाटेची नोंद हातात आली तरी तिचा अर्थ लागतोच असेही नाही. लुईस स्टिलर यांनी १९९१ च्या सुमारास हत्ती आणि घोडा विरुद्ध दोन घोडे या जुळणीत २४३ खेळींचा विजय शोधून काढला. त्या खेळी बरोबर आहेत याविषयी शंका नाही. त्यांतली बहुसंख्य का खेळायची, हे निष्णात खेळाडूलाही उमगत नाही. याउलट अलेक्सेई त्रोइत्स्की यांनी दोन घोडे विरुद्ध प्यादे या दुर्घट अंतिम स्थितीचा संगणकाविना अभ्यास केला आणि प्यादे कोणत्या रेषेपर्यंत अडवले तर विजय शक्य, हे सांगितले. १९४२ मध्ये लेनिनग्राडच्या वेढ्यात त्यांचा अंत झाला. पुढे सारण्यांनी त्यांचे प्रतिपादन बहुतांशी खरे ठरवले. त्रोइत्स्कींची रेषा एका वाक्यात शिष्याला देता येते; सारणीचे तसे करता येत नाही. १९९२ मध्ये जॉन नन यांनी 'सीक्रेट्स ऑफ रूक एंडिंग्ज' लिहिले, तेव्हा थॉम्प्सन यांच्या सारण्यांतून माणसाला आठवतील अशी तत्त्वे वेचण्याचे कष्ट त्यांना घ्यावे लागले. ते काम यंत्राने केलेले नव्हते.

असो. कोशाकडे परत जाऊ. कोश दूर सारा, असे आम्ही विद्यार्थ्याला सांगणार नाही. ब्राउन पहिल्यांदा हरले तेव्हा त्यांना निकाल ठाऊक होता आणि वाट ठाऊक नव्हती. मधल्या आठवड्यांत त्यांनी अभ्यास केला, तो पटापासून दूर. दुसऱ्यांदा बसले तेव्हा पटावर त्यांचे स्वतःचे डोके होते, आणि ५० खेळी. ३१ त होणारे काम त्यांना ५० खेळींत साधले, ही गोष्ट आम्हांला कमीपणाची वाटत नाही.