साडेपाचच्या आधीचा तास

दहा महिने आधी

लंडनमध्ये टॉटनहॅम कोर्ट रोड आणि ऑक्सफर्ड स्ट्रीट जिथे मिळतात, तिथे म्यूक्स कंपनीची हॉर्स शू ब्रुअरी होती. तिथे पोर्टर बनायची. पोर्टर म्हणजे हमाल, गाडीवान, गवंडी यांची काळी, कडवट बिअर. ती ताजी विकण्यापेक्षा मुरवून विकण्यात ब्रुअरीची प्रतिष्ठा असे. यीस्ट घातल्यावर पहिल्या काही दिवसांत फेसाचा धुमाकूळ होतो, मग द्रव शांत झाल्यासारखा दिसतो. पण लाकडात त्याचं आंबणं महिनोन्‌महिने संथपणे चालूच राहतं. त्यासाठी हव्यात मोठ्या टाक्या, आणि टाकी जितकी मोठी तितका मालकाचा रुबाब. कंपनीचे मालक हेन्री म्यूक्स यांच्या वडिलांनी आपल्या ब्रुअरीत 20,000 बॅरल मावतील एवढी टाकी बांधून घेतली होती. मुलाने तोच कित्ता गिरवला.

ही गोष्ट ज्या टाकीची आहे ती 22 फूट उंच. तिच्यात दहा महिने मुरायला ठेवलेली 3,555 बॅरल पोर्टर, म्हणजे सुमारे 5 लाख 80 हजार लिटर. काठापासून जेमतेम चार इंच जागा मोकळी. एवढ्या उंच द्रवाचा तळाशी दर चौरस मीटरला साडेसहा टनांहून जास्त दाब पडतो. उभ्या लाकडी फळ्या हा दाब एकट्याने पेलत नाहीत, तो पेलतात बाहेरून आवळलेले लोखंडी पट्टे. पट्टे सुटले की उरतात फक्त फळ्या.

ब्रुअरीच्या मागच्या भिंतीला लागून न्यू स्ट्रीट. सेंट जाइल्सची दाट, गरीब वस्ती, बरीचशी आयरिश. एकेका खोलीत एकेक कुटुंब, काही कुटुंबं तर तळघरात. चित्रकार होगार्थने 1751 साली ‘जिन लेन’ हे चित्र काढलं ते याच भागाचं, आणि तेव्हापासून इथला माणूस म्हणजे दारुडा, हे लंडनने धरूनच ठेवलं होतं.

सोमवार, 17 ऑक्टोबर 1814, दुपारी 4:30

कोठाराचा कारकून जॉर्ज क्रिक टाकीची पाहणी करत होता. एक पट्टा निसटलेला त्याला दिसला. वजन सुमारे 700 पौंड, म्हणजे सव्वातीनशे किलोंच्या आसपास.

क्रिक काही नवशिका नव्हता. असे पट्टे वर्षातून दोन-तीनदा निसटत आणि काही होत नसे. त्याने वरिष्ठांना सांगितलं. काहीही बिघडणार नाही, असं उत्तर मिळालं. कंपनीचे एक भागीदार मिस्टर यंग यांना चिठ्ठी लिही, ते दुरुस्तीचं बघतील, असं ठरलं.

4:30 ते 5:30

मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते या तासाबद्दल. धावपळ नाही, आरडाओरडा नाही. क्रिकने चिठ्ठी लिहिली. टाकी भरलेलीच राहिली. बिअर दुसरीकडे काढून घेऊन दाब कमी करता आला असता, निदान मागच्या घरांतल्या लोकांना बाहेर काढता आलं असतं. दोन्ही गोष्टी कुणाच्या मनात आल्या नाहीत, कारण मागच्या वेळी काही झालं नव्हतं. मागच्या वेळी का झालं नव्हतं, हे मात्र कुणी विचारलं नव्हतं. निसटलेल्या पट्ट्याचा भार शेजारच्या पट्ट्यांवर जातो. ते तो पेलतात, पुन्हा पेलतात, आणि बाहेरून पाहणाऱ्याला टाकी अगदी पूर्वीसारखीच दिसते.

घरी बिअर बनवणाऱ्यांनी हा तास नीट ओळखून ठेवावा. ब्रिटनमध्ये 1963 पासून घरच्या बिअरला परवाना लागत नाही, आणि तिथल्या स्वयंपाकघरांत वीस-बावीस लिटरच्या बरण्या आंबत असतात. यीस्ट घातल्यावर साधारण बारा ते छत्तीस तासांत आंबणं ऐन भरात येतं. वीस लिटर जोरकस बिअरमधून सगळं आंबणं पुरं होईतो काही शे लिटर कार्बन डायऑक्साइड निघतो. द्रव स्वतःच तापतो, तापला की यीस्टचा वेग वाढतो, फेस चढतो आणि हॉप्सचा चोथा एअरलॉकच्या, म्हणजे वायू बाहेर सोडणाऱ्या झडपेच्या, बारीक नळीत जाऊन बसतो. बुडबुड्यांचा आवाज थांबतो. निवळलं असं वाटतं, आणि आत दाब वाढत असतो. आधी बूच उडतं. बूच घट्ट असेल तर काच फुटते, आणि फुटलेली जाड काच हातापायांच्या शिरा कापते. उपाय साधे आहेत. बरणीचा चौथा हिस्सा रिकामा ठेवा. बरणी 18 ते 20 अंशांच्या जागी ठेवा. पहिले दोन-तीन दिवस एअरलॉकऐवजी अंगठ्याएवढी जाड नळी लावून तिचं टोक पाण्याच्या बादलीत सोडा. आणि फेस एअरलॉकमध्ये शिरलेला दिसला तर त्याच क्षणी हात घाला.

हॉर्स शूमधला दाब मुख्यतः वजनाचा होता, वायूचा नव्हे. पण खूण आधी दिसली होती, हातात वेळही होता.

5:30

क्रिक टाकीपासून तीस फुटांवर, हातात चिठ्ठी घेऊन उभा. टाकी फुटली. त्या धक्क्याने शेजारच्या टाकीची तोटी उडाली आणि तीही रिती होऊ लागली. इतर पिंपंही फुटली. ब्रुअरीची मागची भिंत 25 फूट उंच आणि अडीच विटा जाड. ती कोसळली आणि छपराचा मोठा भागही खाली आला.

सुमारे पंधरा फूट उंचीची लाट न्यू स्ट्रीटमध्ये शिरली.

एका घरात चार वर्षांची हॅना बॅमफील्ड आईबरोबर चहाला बसली होती. ती गेली. दुसऱ्या घरात आधीच वारलेल्या दोन वर्षांच्या एका आयरिश मुलाच्या मृतदेहाजवळ शेजारणी बसल्या होत्या. तिथे त्या मुलाची आई अ‍ॅन सॅव्हिल, एलिझाबेथ स्मिथ, कॅथरिन बटलर, मेरी मल्व्ही आणि तिचा तीन वर्षांचा मुलगा थॉमस, असे पाचजण गेले. आणखी एका घरात सारा बेट्स ही लहान मुलगी सापडली. टॅव्हिस्टॉक आर्म्स या पबच्या अंगणात चौदा वर्षांची मोलकरीण एलेनर कूपर भांडी घासत होती, तिच्यावर भिंत पडली.

एकूण आठ. सगळ्या बायका आणि मुलं. पुरुष अजून कामावरून परतले नव्हते.

संध्याकाळ

जमीन सखल, गटारं अपुरी. बिअर तळघरांत उतरली, लोक मेजा-खुर्च्यांवर चढून उभे राहिले. क्रिक आत धावला तेव्हा त्याचा भाऊ, तिथलाच पर्यवेक्षक, बेशुद्ध सापडला. त्याला मिडलसेक्स हॉस्पिटलात नेलं. ब्रुअरीतलं कुणीही दगावलं नाही.

लंडनकरांनी रस्त्यात ओंजळींनी बिअर प्यायली, दंगल झाली, पिऊन माणसं मेली, अशी गोष्ट आजही चवीने सांगितली जाते. त्या दिवसांच्या वर्तमानपत्रांत तसं काहीच नाही. त्यांत आहे ते उलट: ढिगाऱ्याखालचा आवाज ऐकू यावा म्हणून जमलेल्या माणसांनी शांतता पाळली. सेंट जाइल्सचे लोक दारुडे हे आधीच ठरलेलं असल्यामुळे ती गोष्ट पुढे कुणालाही खरी वाटली. मला ती फार लागते. ज्यांची पोरं गेली त्यांचाच तिने तमाशा करून टाकला.

पुढचे दिवस

पडझड पाहायला शेकडो लोक आले. पहारेकऱ्यांनी ती दाखवायचे पैसे घेतले. काही मृतदेह जवळच्या अंगणात ठेवले होते, तिथे येणाऱ्यांनी अंत्यविधीसाठी नाणी दिली.

19 ऑक्टोबर

सेंट जाइल्सच्या वर्कहाउसमध्ये चौकशी झाली. क्रिकने पट्ट्याचं, चिठ्ठीचं, सगळं सांगितलं. ज्युरीचा निर्णय: मृत्यू अपघाताने, दुर्दैवाने. त्यामुळे भरपाईची जबाबदारी कंपनीवर आली नाही. कंपनीचं नुकसान सुमारे 23,000 पौंड झालं होतं. वाहून गेलेल्या बिअरवर भरलेल्या करापैकी सुमारे 7,250 पौंड सरकारने परत केले, आणि त्यामुळे कंपनी बुडता बुडता वाचली. न्यू स्ट्रीटच्या कुटुंबांना कंपनीकडून काही मिळालं नाही. मोठ्या लाकडी टाक्याही लगेच गेल्या नाहीत. त्यांच्या जागी आतून अस्तर दिलेल्या काँक्रीटच्या टाक्या यायला पुढे बराच काळ लागला.