रडारला दिसतं, पण कळतं कुणाला?

तत्त्वज्ञान शिकवण्यात जन्म घालवलेल्या माणसाने रडारवर बोलावं, याचं काहींना नवल वाटेल. पण एम.टेक.ला रडार शिकणाऱ्या विद्यार्थ्याचं पुस्तक आपण चाळून बघू. लहरी, अँटेना, रिसीव्हर ही प्रकरणं अपेक्षितच असतात. पुढे मात्र संभाव्यता येते, गृहीतकांची परीक्षा येते, चुकांचे प्रकार येतात. इंजिनिअरिंगच्या पुस्तकात हे आलं कुठून? आज आपण तेवढंच पाहणार आहोत.

रडारचं तत्त्व साधं आहे. रेडिओलहरींचा ठोका पाठवायचा आणि त्याचा प्रतिध्वनी किती वेळाने येतो ते मोजायचं. लहर सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जाते. म्हणजे प्रतिध्वनी एक सहस्रांश सेकंदाने आला, तर वस्तू दीडशे किलोमीटरवर आहे. २६ फेब्रुवारी १९३५ रोजी इंग्लंडमध्ये डॅव्हेंट्रीजवळ रॉबर्ट वॉटसन-वॅट आणि अर्नोल्ड विल्किन्स यांनी बीबीसीच्या प्रक्षेपकाच्या लहरी विमानावरून परततात हे दाखवून दिलं, आणि ब्रिटनच्या रडारला चालना मिळाली.

अडचण पुढेच आहे. अंतर दुप्पट झालं की परत येणारी शक्ती सोळावा हिस्सा उरते. दूरचा प्रतिध्वनी इतका क्षीण होतो की रिसीव्हरच्या स्वतःच्या खरखरीत तो बुडून जातो. मग पडद्यावर जे उसळलं ते विमान की खरखर? आपल्या नैयायिकांचा धूर आणि अग्नी आठवा. डोंगरावर धूर दिसला म्हणून तिथे अग्नी आहे, हे अनुमान. पण धुक्यालाच धूर समजलो तर? रडारचं ज्ञानही प्रत्यक्ष नव्हे, ते अनुमानच आहे.

या प्रश्नाची गणिती बैठक रडारच्या आधीच तयार झाली होती, आणि तीही संख्याशास्त्रात. १९३३ मध्ये येर्झी नेमन आणि इगॉन पिअर्सन यांनी मांडलं की निर्णयात दोन तऱ्हेच्या चुका होतात: नसलेलं आहे म्हणणं आणि असलेलं नाही म्हणणं. हाती असलेल्या पुराव्यात एक चूक कमी करायला गेलं की दुसरी वाढते. म्हणून पहिली किती सोसायची ते आधी ठरवा, आणि त्या मर्यादेत दुसरी शक्य तितकी कमी करा. युद्धकाळात, १९४३ मध्ये, आरसीए कंपनीतल्या डी. ओ. नॉर्थ यांनी खरखरीतून संकेत जास्तीत जास्त उठून दिसेल असा फिल्टर कसा असावा हे दाखवलं. एमआयटीच्या रेडिएशन लॅबोरेटरीतलं काम युद्धानंतर २८ खंडांत छापलं गेलं. हे सगळं मिळून पुढे विद्यापीठांतला अभ्यासक्रम घडत गेला.

आता हिशोब बघा. समजा, रडार सेकंदाला १० लाख वेळा 'आहे की नाही' ठरवतं. दहा लाखांत एकदा फसलं, तरी दर सेकंदाला एक खोटी हाक! शंभर कोटींत एकदा फसलं, तर साधारण सतरा मिनिटांनी एक. त्यासाठी उंबरठा उंच करावा लागतो, आणि उंच उंबरठ्यावर खरं विमानही अडखळतं. उंबरठा किती उंच ठेवायचा, हे समीकरण सांगत नाही. कोणती चूक अधिक महाग, हे माणसालाच ठरवावं लागतं.

आणि उंबरठा नीट असला तरी काम संपत नाही. ७ डिसेंबर १९४१ ची सकाळ. हवाई बेटांवर ओपाना इथल्या रडारवर जोसेफ लॉकार्ड आणि जॉर्ज इलियट हे दोन सैनिक होते. पाळी सातला संपली होती, पण न्याहारीला नेणारा ट्रक आला नव्हता, आणि इलियटला यंत्र शिकायचं होतं. म्हणून ते चालूच राहिलं. ७ वाजून २ मिनिटांनी दोनशे किलोमीटरहून दूर प्रचंड प्रतिध्वनी दिसला. त्यांनी फोन केला. पलीकडे लेफ्टनंट कर्मिट टायलर होते, या कामात अगदी नवखे. कॅलिफोर्नियाहून आपली बी-१७ विमानं यायची होती, ती तीच असणार असं समजून त्यांनी काळजी करू नका म्हणून सांगितलं. तासाभरात पर्ल हार्बरवर बॉम्ब पडत होते. पुढच्या चौकशांनंतर टायलरना शिक्षा झाली नाही.

आम्हाला तेच योग्य वाटतं. यंत्राने 'काहीतरी आहे' एवढं अचूक सांगितलं होतं. 'ते कोण आहे' हे ओळखण्याची व्यवस्थाच तिथे उभी नव्हती. तो दोष एका नवख्या माणसाच्या माथी मारणं सोपं, पण खोटं आहे.

म्हणून रडार शिकणाऱ्या मुलांना आमचं एवढंच सांगणं: संभाव्यतेचं प्रकरण परीक्षेपुरतं उरकू नका. तुम्ही उद्या जो आकडा उंबरठा म्हणून भराल, त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं असतील. थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ या.