धारवाडची जर्मन माणसं आणि माझी पणजी

मागच्या वर्षी श्रावण संपता संपता आमच्या नवनगरच्या घरी एक जर्मन पाहुणी आली. माझा भाचा नोकरीनिमित्त स्टुटगार्टला असतो. त्याची घरमालकीण ती. वय सत्तरीचं, केस पांढरेशुभ्र, चालणं मात्र माझ्यापेक्षा भरभर. भाच्याने फोन करून सांगितलं, “मावशी, यांना धारवाड बघायचंय. यांच्या खापरपणजीने तिथे वीस वर्षं काढली आहेत. चार दिवस ठेवून घेशील का?”

मी हो म्हटलं आणि मग काळजीत पडले. चातुर्मास चालू, घरात बटाटा-कांदा नाही, आणि जर्मन माणूस तर म्हणे बटाट्याशिवाय जेवत नाही. शिवाय आमचं संध्याकाळचं जेवण सूर्यास्ताच्या आत. पण बाई पहिल्याच दिवशी साडेपाचला ताटावर बसल्या आणि म्हणाल्या, “आमच्याकडेही असंच. संध्याकाळी लवकर, थंडच काहीतरी खायचं.” ज्वारीची भाकरी, मुगाची उसळ आणि शेंगाचटणी त्यांनी आनंदाने खाल्ली. माझा जीव भांड्यात पडला.

आता तुम्ही म्हणाल, जर्मन बाईची खापरपणजी धारवाडात कशी? मलाही आधी नवल वाटलं. खरं तर धारवाड-हुबळीत राहून आपण रोज त्या माणसांच्या खुणांवरून जातो. चिगरी बसने धारवाडला उतरलं की किटेल कॉलेज आहे, बासेल मिशनची शाळा आहे. नावं तोंडात आहेत, पण त्यामागची माणसं कोण, हे विचारायला कोणाला सवड असते?

बासेल हे गाव स्वित्झर्लंडमधलं. तिथल्या ख्रिस्ती मिशनची पहिली माणसं 1834 साली मंगळूरला पोचली. 1837 मध्ये ती धारवाडला आली, 1839 मध्ये हुबळीत. मिशन स्विस असलं तरी पाठवलेली बरीचशी माणसं जर्मनीतल्या व्युर्टेंबर्ग प्रांताची, म्हणजे स्टुटगार्टच्या आसपासची. शेतकऱ्यांची, विणकरांची, शाळामास्तरांची मुलं. धर्मप्रसारासाठी ती आली, हे खरंच. त्याबद्दल आपलं मत काहीही असो, पण त्यांनी शाळा काढल्या, छापखाना काढला, विणकाम सुरू केलं. 1865 साली मंगळूरला कौलांचा कारखाना काढला. सांगलीकडच्या आमच्या माहेरच्या घरावर मंगळुरी कौलं होती. पावसाळ्याआधी कौलं शाकारताना खाली उतरवलेल्या कौलावर इंग्रजी अक्षरं उमटलेली असत. आम्ही पोरी त्यावर बोट फिरवत बसायचो. ती अक्षरं कुठल्या दूरच्या गावाचं नाव सांगत होती, ते कळायला मला पन्नाशी गाठावी लागली.

या लोकांतले सगळ्यात मोठे नाव फर्डिनांड किटेल यांचं. 1832 साली उत्तर जर्मनीत जन्मले, 1853 मध्ये हिंदुस्थानात आले. इथल्या लोकांत मिसळून कन्नड शिकले आणि 1894 साली त्यांचा कन्नड-इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला. सुमारे 70,000 शब्द! कन्नड शब्दाशेजारी त्यांनी जागोजाग मराठी, तमिळ, तेलुगू नातेवाईक शब्दही दिले आहेत. आपल्या समाजाच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट महत्त्वाची. तेराव्या शतकातल्या केशिराज या जैन पंडिताने लिहिलेलं ‘शब्दमणिदर्पण’ हे जुन्या कन्नडचं व्याकरण किटेल यांनी संपादून 1872 साली छापलं. तिकडे हर्मान याकोबी या दुसऱ्या जर्मन विद्वानाने 1884 मध्ये आचारांग आणि कल्पसूत्राचं इंग्रजी भाषांतर केलं आणि जैन धर्म ही बौद्ध धर्माची शाखा नव्हे, हे पुराव्यानिशी जगापुढे मांडलं. म्हणजे बघा, आपली मुळं शोधायलाही जर्मन माणसंच पुढे आली!

पण पाहुणीबाईंना विद्वानांत फारसा रस नव्हता. त्या म्हणाल्या, “पुरुषांची चरित्रं सगळीकडे छापली आहेत. मला माझी खापरपणजी हवी आहे.”

मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मी हातातलं काम खाली ठेवलं. त्या काळी मिशनऱ्याला स्वतःच्या मनाने लग्न करता येत नसे. आधी काही वर्षं इथे काम करायचं, मग बासेलच्या समितीकडे अर्ज करायचा. समितीने परवानगी दिली की गावोगावच्या ओळखीच्या पाद्र्यांकडून योग्य मुलगी शोधली जायची. मुलीची चौकशी, तब्येत, स्वभाव, घराणं, सगळं बघायचं. आणि होकार झाला की ती मुलगी जहाजात बसायची. नवऱ्याला अनेकींनी पाहिलेलंही नसे. बंदरावर जो माणूस न्यायला आला तोच आपला. “म्हणजे तुमच्याकडेही अशी लग्नं होत होती?” मी विचारलं. त्या हसल्या. “तुमच्याकडे निदान आईबाप बघायला येतात. आमच्याकडे समिती बघायची.”

त्यांची खापरपणजी 1870 नंतर अशीच आली. बंदरावर उतरून पुढे धारवाडपर्यंत बैलगाडी. आगगाडी अजून इथे पोचली नव्हती. वय तेवीस. भाषा येत नाही, ऊन सोसत नाही. इथे येऊन ती मुलींना शिवण शिकवू लागली. चार मुलं झाली. एक इथेच तापाने गेलं. आणि उरलेली? ती सहा-सात वर्षांची झाली की युरोपला पाठवून द्यायची, असा रिवाजच होता. इथलं हवामान मानवत नाही, शिक्षण नीट होत नाही म्हणून. त्यासाठी मिशनने 1853 पासून बासेलला मुलांचं वसतिगृहच चालवलं होतं. सहा वर्षांचं लेकरू आईच्या कुशीतून काढून समुद्रापार! पुढची भेट दहा वर्षांनी, नाहीतर कधीच नाही.

हर्मान हेस हे नोबेल पारितोषिक मिळालेले लेखक. त्यांची आई मारी गुंडर्ट केरळात तलश्शेरीला 1842 साली जन्मली. मारीचे वडील हर्मान गुंडर्ट म्हणजे मल्याळम कोश करणारे. मारीलाही लहानपणीच युरोपात ठेवून आईवडील परतले आणि ती पुन्हा हिंदुस्थानात आली ती पंधराव्या वर्षी. हेस स्वतः 1911 मध्ये आईच्या आणि आजोबांच्या ओढीने पूर्वेकडे निघाले. सिलोन, सुमात्रापर्यंत गेले, पण मलबारला पोचलेच नाहीत. तसेच परत फिरले.

पाहुणीबाईंच्या घरी पत्रांची एक पेटी आहे. धारवाडहून आईने मुलाला लिहिलेली पत्रं. लिपी जुन्या वळणाची, आजच्या जर्मन माणसालाही वाचता येत नाही. आपल्या मोडीसारखंच म्हणा ना! साठीनंतर त्या वर्गाला जाऊन ती लिपी शिकल्या. मग त्यांना पत्रं वाचता आली. एका पत्रात आई मुलाला सांगते, कागदावर पाय ठेव, भोवती पेन्सिल फिरव आणि तो कागद मला पाठव, म्हणजे मी मोजे विणीन. मुलाने तो कागद पाठवला. आईने तो जपून ठेवला आणि परत जाताना सोबत नेला. पेटीत पत्रांबरोबर त्या पावलांचे चार कागद आहेत. दरवर्षीचं पाऊल आधीच्यापेक्षा थोडं मोठं.

हे सांगताना त्यांचा आवाज बदलला नाही. मला मात्र उठून आत जावं लागलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही धारवाडला गेलो. भुरभुर पाऊस चालू होता, आमच्याकडचा तो नेहमीचा. मिशनच्या आवारातली जुनी दगडी बांधणी, उंच छत, बाहेर चिंचेची झाडं. मग स्मशानभूमीत तास-दीड तास हिंडलो. शेवाळ घासून, छत्री धरून एकेक दगड वाचला. काहींवरची अक्षरं पार झिजलेली. त्यांच्या घराण्यातल्या त्या मुलाचा दगड सापडला नाही. मला वाटलं, एवढ्या लांबून आल्या, आता रडतील. त्यांनी पिशवीतून मोज्यांची एक लहानशी जोडी काढली. स्वतः विणलेली. एका अक्षरं पुसलेल्या लहान दगडापाशी ठेवली आणि म्हणाल्या, “हा त्याचा नसेल तर दुसऱ्या कुणाच्या तरी मुलाचा आहे.”

परतताना बसमध्ये त्यांनी सहज विचारलं, “तुझ्या आईच्या आईची आई कोण होती? नाव काय?”

मैत्रिणींनो, मला उत्तर देता आलं नाही. मी बी.ए. झालेली बाई. इतिहासावर लिहिणारी. वडिलांकडच्या सात पिढ्या मला ठाऊक आहेत, कारण लहानपणी आमच्या गावात हेळवी यायचा. बैल घेऊन दारात उभा राहायचा, खणखणीत आवाजात घराण्याची वंशावळ म्हणायचा आणि जोंधळे घेऊन जायचा. त्याच्या वहीत आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा. पण त्या वहीत बाई कुठे होती? लेक म्हणून जन्मली की परक्याचं धन, सून म्हणून आली की नाव बदललेलं. तिकडे व्युर्टेंबर्गात 1808 पासून प्रत्येक कुटुंबाची नोंदवही ठेवलेली आहे. नवरा, बायको आणि बायकोचे आईबाप, सगळे एका पानावर. म्हणून या बाईंना आईकडची नावंही मिळाली.

पण माझी अडचण नोंदवहीची नव्हती. ज्यांना ते नाव माहीत होतं, त्या घराशी आमचं बोलणंच नव्हतं. आजोबा गेल्यावर जमिनीच्या हक्कसोडपत्रावर आईने सही केली नाही, म्हणून मामांनी तिचं माहेर बंद केलं. बत्तीस वर्षं झाली. आई गेली तेव्हा कोणी आलं नाही. मामा गेले तेव्हा आम्ही गेलो नाही. दरवर्षी दशलक्षण संपलं की क्षमावाणीला आपण शेजारणीला, ओळखीच्यांना हात जोडतो, उत्तम क्षमा म्हणतो. ज्यांच्याशी भांडण झालंच नाही त्यांची क्षमा मागणं किती सोपं असतं!

पाहुणी गेल्यावर दोन आठवड्यांनी क्षमावाणी आली. देवळातून आल्यावर मी नंबर मिळवून मामींना फोन लावला. मामी पंच्याऐंशीच्या. नाव सांगितलं तर पलीकडे बराच वेळ शांतता. मला वाटलं फोन ठेवला. मग आवाज आला, “अगं, तुझ्या आईसारखाच आवाज हाय की गं तुझा.” पुढे दोघींना काही बोलताच येईना. क्षमेचे जे शब्द मी पाठ करून ठेवले होते ते तसेच राहिले. जमिनीचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. आईवर अन्याय झाला हे माझं मत आजही तेच आहे. पण त्यासाठी मामींशी अबोला धरायचं कारण काय होतं, हे मला आता आठवून आठवून सापडत नाही.

शेवटी मी पणजीचं नाव विचारलं. मामींनी एका क्षणात सांगितलं. वर म्हणाल्या, “ती अथणीकडची. मराठी तिला येतच नव्हतं. मरेपर्यंत देवाचं कन्नडातच म्हणायची.”

मी खुर्चीवर बसूनच राहिले. लग्न होऊन या मुलखात आले तेव्हा मी किती रडले होते! भाषा परकी, माणसं परकी. भाजीवालीशी कन्नड बोलताना अजून माझी जीभ अडखळते. आणि ही तर माझ्या पणजीची भाषा. जे शब्द किटेल गोळा करत होते, ते तेव्हा माझ्या घरात बोलले जात होते.

ते नाव मी इथे लिहीत नाही. आधी ते माझ्या नातीच्या वहीत लिहायचं आहे. हिशेबाची एक कोरी वही घेतली आहे. पहिल्या पानावर पणजी, मग आजी, आई, मी, लेक, नात. प्रत्येकीचं माहेरचं नाव, सासरचं नाव, गाव आणि तिच्याबद्दल आठवेल ती एक गोष्ट. दिवाळीनंतर मामींकडे जाऊन यायचं ठरलं आहे. त्यांना अजून पुष्कळ ठाऊक आहे, आणि त्यांचं वय पंच्याऐंशी आहे.

तुमच्याही घरात अशी एखादी मामी, आत्या, थोरली जाऊ असेल. आजच फोन करा.