बाटलीवरची चिठ्ठी

१९ मे २०२४ च्या पहाटे अडीचच्या सुमारास पुण्यातील कल्याणीनगर भागात एका भरधाव मोटारीने मोटारसायकलला धडक दिली. मोटारसायकलवरील तरुण आणि तरुणी, दोघेही संगणक अभियंते, मृत्युमुखी पडले. मोटार सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता, असे पोलिसांनी नोंदवले. सकाळी अकराच्या सुमारास ससून रुग्णालयात त्याच्या नावाने रक्ताचा नमुना घेतला गेला. त्यात मद्य आढळले नाही. त्याच दिवशी पोलिसांनी औंधच्या जिल्हा रुग्णालयात दुसरा नमुना घेतला होता. पुढे दोन्ही नमुन्यांतील डीएनए ताडून पाहिला, तेव्हा ते रक्त एका व्यक्तीचे नव्हे, असे दिसून आले.

नमुना बदलल्याच्या आरोपावरून दोन डॉक्टरांसह काही जणांना अटक झाली. दोषी कोण, हे ठरवणे न्यायालयाचे काम. आपण येथे वेगळा प्रश्न घेऊ. अपघातात चूक कोणाची, हे सिद्ध करण्याची साधने कशी घडत गेली आणि ती कोठे उणी पडतात?

डोळ्यांची साक्ष

१७ ऑगस्ट १८९६ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारात ब्रिजेट ड्रिस्कॉल नावाची बाई मोटारीखाली सापडून मरण पावली. ब्रिटनमधील अशा अगदी पहिल्या घटनांपैकी ही एक. मोटारीचा वेग किती होता? चालक म्हणाला, ताशी चार मैल, म्हणजे माणसाच्या चालण्याइतका. पाहणाऱ्यांना तो बेफाम वाटला. वेग मोजण्याचे साधन कोणाजवळच नव्हते. अखेर पंचांनी अपघाती मृत्यू असा निर्णय दिला. डोळ्यांनी पाहिलेला वेग हा अंदाज असतो, मापन नव्हे, ही अडचण तेव्हापासूनची आहे.

रस्त्यावरची खूण

यातून बाहेर पडण्याची एक वाट नववी-दहावीच्या भौतिकशास्त्रातूनच जाते. करकचून ब्रेक दाबला की चाके फिरायची थांबतात आणि टायर रस्त्यावर घासत काळी खूण उमटवतात. गाडीची गतिज ऊर्जा घर्षणात खर्च होते. त्यावरून सूत्र मिळते:

वेगाचा वर्ग = २ × घर्षणांक × गुरुत्वत्वरण × खुणेची लांबी

खूण २० मीटर लांब आणि कोरड्या डांबरी रस्त्याचा घर्षणांक ०.७ धरला, तर वेगाचा वर्ग २७४ येतो. म्हणजे वेग सेकंदाला साधारण १६.६ मीटर, ताशी सुमारे ६० किलोमीटर. गाडीचे वस्तुमान सूत्रातून गळून जाते, हे विद्यार्थ्यांना अवश्य दाखवावे. धडकेच्या क्षणी गाडी अजून धावत असेल, तर हा वेग कमीत कमी समजायचा.

परंतु हे गणित पंचनाम्यावर उभे असते. खूण मोजली नाही, तिचे छायाचित्र घेतले नाही, आणि पावसाने किंवा रहदारीने ती पुसली, की सूत्र निरुपयोगी ठरते. शिवाय चाके अडकू न देणारे ब्रेक असलेल्या गाड्यांची खूण फार पुसट उमटते. तेथे सीसीटीव्हीचे चित्रण कामी येते. रस्त्यावरील दोन ठरावीक खुणांमधले अंतर फितीने मोजायचे, आणि ते पार करायला गाडीला चित्रणाच्या किती चौकटी लागल्या, हे मोजायचे. अंतर भागिले वेळ, इतकेच.

घड्याळाशी शर्यत

चालक मद्य प्यायला होता काय, हे पूर्वी वासावरून आणि चालीवरून ठरवत. महाराष्ट्रातील एका अपघाताच्या खटल्यात १९७१ साली सर्वोच्च न्यायालयाने हा मार्ग अपुरा ठरवला. श्वासाला वास येणे, तोल जाणे, बोबडे बोलणे, बाहुल्या विस्फारणे एवढ्यावरून, रासायनिक तपासणीशिवाय, नशेचा निश्चित निष्कर्ष काढता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले.

ती तपासणी शास्त्राच्या हाती येऊन तोवर बरीच वर्षे झाली होती. स्वीडनच्या एरिक विडमार्कने १९२२ साली रक्ताच्या काही थेंबांतले मद्य मोजण्याची रीत दिली. अमेरिकेत रॉबर्ट बोर्केन्स्टाइनने १९५४ साली श्वासातील मद्य मोजणारे यंत्र बनवले. पोटॅशियम डायक्रोमेटचा रंग मद्यामुळे किती फिका पडतो, हे त्यात मोजले जाई.

आपल्या मोटार वाहन कायद्याने १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम मद्य ही मर्यादा घातली आहे. मात्र शरीर हे मद्य सतत नष्ट करत असते. हा दर व्यक्तीगणिक बदलतो, तरी तासाला १५ मिलिग्रॅम धरायला हरकत नाही. म्हणजे आठ तासांत १२० मिलिग्रॅम. मर्यादेच्या चौपट मद्य रक्तात असलेला माणूसही आठ तासांनी कोरा दिसू शकतो! तेव्हा उशिरा घेतलेला नमुना खराखुरा असला, तरी तो अर्धेच बोलतो.

पुरावा कोणाच्या हातून गेला?

मुंबईत सप्टेंबर २००२ मध्ये घडलेल्या एका गाजलेल्या अपघाताच्या खटल्यात आरोपीच्या रक्तात मर्यादेच्या दुपटीहून जास्त मद्य आढळल्याचा अहवाल होता. तरीही डिसेंबर २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने आरोपीला निर्दोष सोडले. इतर कारणांबरोबरच रक्त काढल्यापासून प्रयोगशाळेत पोचेपर्यंत नमुना कसा हाताळला गेला, याविषयी न्यायालयाला शंका होती. शंका रसायनशास्त्राबद्दल नव्हती, हे लक्षात घ्यावे.

डीएनएच्या इतिहासातही असा धडा सुरुवातीलाच मिळाला. ॲलेक जेफ्रीझ यांनी १९८४ साली लेस्टर येथे डीएनएवरून व्यक्ती ओळखण्याची रीत शोधली. तिच्या आधारे एका खुन्याचा शोध घेण्यासाठी त्या परिसरातील हजारो पुरुषांचे रक्त तपासले गेले. खुन्याने आपल्या जागी सहकाऱ्याला पाठवले आणि तो सुटला. १९८७ साली तो सापडला, तो सहकाऱ्याच्या तोंडून बाहेर पडलेल्या गोष्टीमुळे. चाचणी अचूक होती. चिठ्ठीवरचे नाव खोटे होते.

पुण्यात ही अदलाबदल डीएनएनेच उघड केली. पण ताडून पाहायला दुसरा नमुना होता म्हणून. तरी पहाटे रक्तात काय होते, हे त्यावरून कळण्यासारखे नव्हते. ती वेळ गेली ती गेलीच. म्हणून पोलिसांना मद्यालयातील सीसीटीव्ही चित्रण आणि बिले गोळा करावी लागली.

आमच्या प्रयोगशाळेत नवा विद्यार्थी आला, की पहिल्या दिवशी आम्ही त्याला उपकरण देत नाही. नळीवर चिठ्ठी लावायला शिकवतो: काय, कोणाचे, केव्हा, कोणी घेतले. त्याला ते कंटाळवाणे वाटते. शाळेतही हा प्रयोग करता येईल. साखर व मीठ यांची द्रावणे चिठ्ठ्या लावून पाच विद्यार्थ्यांच्या हातून वर्गाभोवती फिरवावीत. प्रत्येकाने वेळ लिहून सही करावी. एकाला मात्र गुपचूप चिठ्ठ्या बदलायला सांगावे. मग नोंदी वाचून अदलाबदल कोणाजवळ झाली असेल, हे वर्गाने शोधावे. एखादी सही किंवा वेळ राहून गेली असेल, तर उत्तर मिळणार नाही. का मिळाले नाही, यावरच पुढचा तास घ्यावा.