चार वर्षांची मुदत

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या जासईत संध्याकाळी कोणी हातात कागद घेऊन दारात उभं राहिलं की मी समजतो, अर्ज लिहून हवा आहे. कवी म्हणून गावात मला फारसं कोणी विचारत नाही, बी.ए. झालेला आणि अक्षर बरं असलेला माणूस म्हणून मात्र विचारतात. गेल्या पावसाळ्यात अशीच शेजारची एक मुलगी आली. बंदराच्या रस्त्यावरच्या कंटेनरच्या गोदामात ती दिवसभर आवक-जावकीच्या नोंदी करते आणि रात्री पदवीचा अभ्यास. कॉलेजात प्रकल्प द्यायची तारीख उलटून तीन दिवस झाले होते. घरात आजारपण, त्यात गोदामातल्या जादा पाळ्या. "चाचा, मुदत वाढवून मिळावी म्हणून अर्ज लिहून द्या," ती म्हणाली आणि लगेच पुढे, "पण कारण काय लिहायचं? खरं लिहिलं तर रडगाणं वाटेल."

मी म्हटलं, "खरंच लिहायचं, बाय. पण आधी बस, एक गोष्ट ऐक." तिला जी गोष्ट सांगितली तीच आज आपल्यापुढे जरा ऐसपैस मांडतो.

आधी दोन शब्दांविषयी. मुदत, तारीख, अर्ज हे आपल्या कचेरीतले शब्द मूळचे अरबी. फारसी दप्तरातून मराठीत आले. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, त्यात फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, तरी ही मंडळी काही हलली नाहीत. पण त्यांच्याबरोबरचा आणखी एक शब्द कचेरीत मागे पडला. तो म्हणजे मोहलत. मुदत म्हणजे नुसती काळाची लांबी. ती संपल्यावर समोरचा माणूस आपली अडचण पाहून जी सवड देतो, ती मोहलत. आजच्या कार्यालयीन मराठीत 'मुदतवाढ' म्हणतात. त्यात लांबी वाढलेली दिसते, देणारा दिसत नाही.

मुदत म्हणजे काय हे आमच्या गावाला कोणी शिकवायला नको. १९७० नंतर सिडकोसाठी इथल्या जमिनींचं संपादन सुरू झालं. १९८४ च्या १६ आणि १७ जानेवारीला गोळीबारात पाच शेतकरी गेले. त्या लढ्याचे नेते दि. बा. पाटील जासईचेच, पेशानं वकील. मी तेव्हा शाळेत होतो. गोळीबाराची आठवण दर जानेवारीत निघते आणि निघायलाच हवी. पण बिनआवाजाचं एक नुकसानही जमिनी जाणाऱ्या गावांत होत असतं, ते कागदावर होतं. तेव्हाच्या १८९४ च्या भूसंपादन कायद्यात कलम १८ होतं. ठरलेला मोबदला मान्य नसेल, तर प्रकरण न्यायालयाकडे पाठवा, असा अर्ज शेतकऱ्याला करता येई. निवाड्याच्या वेळी हजर असलेल्याला त्यासाठी सहा आठवडे मिळत. हजर नसलेल्याला नोटीस पोचल्यापासून सहा आठवडे किंवा निवाड्यापासून सहा महिने, यांतलं जे आधी संपेल ते. ज्याला नोटीस वाचताच येत नाही, त्याचे सहा आठवडे ती वाचून दाखवणारा माणूस शोधण्यातच जायचे. आणि ही मुदत वाढवण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्याला नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९६ साली स्पष्टच सांगितलं. तिथे मोहलत नव्हती.

विद्यापीठाची गोष्ट थोडी वेगळी. मुंबई विद्यापीठ १८ जुलै १८५७ रोजी स्थापन झालं आणि 'टर्म भरणं' हा शब्दप्रयोग विद्यार्थ्यांच्या घराघरांत गेला. टर्म भरली नाही, हजेरी कमी पडली, तर परीक्षेला बसता येत नाही. पण त्याच व्यवस्थेनं ए.टी.के.टी. नावाची खिडकीही ठेवली: अलाऊड टू कीप टर्म्स. काही विषय राहिले तरी पुढच्या वर्गात बस, राहिलेलं मागाहून फेड. आपण 'केटी लागली' असं रोग लागल्यासारखं म्हणतो. खरं तर ती मोहलतच आहे.

मलाही ती लागली होती. मी मुंबईच्या एका कॉलेजात शिकत होतो. ऑक्टोबरच्या परीक्षेचा अर्ज भरायचा अखेरचा दिवस, विलंब शुल्कासह अखेरचा. ऐन पावसाळा. मोरा बंदरात पोचलो तर तीन नंबरचा बावटा लागलेला आणि भाऊच्या धक्क्याची लाँच बंद. मागे फिरून एस.टी.नं पनवेलमार्गे गेलो. पोचलो तेव्हा खिडकी बंद व्हायला आली होती की झाली होती, यावर आतल्या गृहस्थांचं आणि माझं एकमत झालं नाही. त्यांनी माझा भिजलेला अर्ज दोन बोटांनी परत सरकवला. सहा महिने गेले. आता आमच्या शेजारच्या चिर्ल्यापासून शिवडीपर्यंत समुद्रावरून अटल सेतू आहे, जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला. त्यावरून जाताना मला दर वेळी तो ओला कागद आठवतो. पण चूक माझीही होतीच. अर्ज अखेरच्या दिवसापर्यंत मी उशाशी ठेवला होता.

माझ्या लाँचचं दुःख मी फार काळ बाळगलं नाही, कारण पुढे महर्षी धोंडो केशव कर्वे यांची हकिकत वाचली. १८७५ साली कर्वे सतरा वर्षांचे होते. सरकारी नोकरीसाठी लागणारी परीक्षा साताऱ्याला होती आणि तारीख तोंडावर आलेली. दापोलीजवळच्या मुरुडहून ते सोबत्यांबरोबर पायी निघाले. कुंभार्ली घाट चढून सुमारे ११० मैल चार दिवसांत तुडवले आणि वेळेत पोचले. परीक्षा मंडळाच्या प्रमुखांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि हा मुलगा सतरा वर्षांचा दिसत नाही म्हणून परीक्षेला बसू दिलं नाही. जवळ दाखला होता, तरी डोळ्यांचा निकाल कागदावर वरचढ ठरला. कर्वे पुढच्या वर्षी कोल्हापूरला ती परीक्षा पास झाले. मॅट्रिक झाले तेव्हा तेवीस वर्षांचे होते, बी.ए. झाले १८८४ साली. म्हणजे मुदत पाळली म्हणून दार उघडतंच असंही नाही. पण त्या दिवशी साताऱ्यात कोणी म्हणालं असतं, पोरा, वयाची खात्री मागाहून करू, आज पेपर लिही, तर काय बिघडलं असतं?

असं म्हणणारी माणसं नसतात असं नाही. मुलीला मी जी गोष्ट सांगितली ती त्यांचीच, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची.

१९१३ साली तरुण भीमराव बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. शिष्यवृत्ती तीन वर्षांची, आणि करार असा की शिक्षण संपल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करायची. तीन वर्षांत त्यांनी एम.ए. केलं, पीएच.डी.चा प्रबंध लिहून दिला आणि १९१६ मध्ये लंडन गाठलं. एकीकडे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, दुसरीकडे बॅरिस्टरीसाठी ग्रेज इन. शिष्यवृत्तीची मुदत थोडी वाढवून मिळाली होती, पण ती अभ्यासाच्या आधी संपली. आणखी मुदत मिळाली नाही, परत या म्हणून सांगण्यात आलं. पहिलं महायुद्ध चालू होतं. प्रबंध अर्धा, बॅरिस्टरी अर्धी.

या ठिकाणी ती गोष्ट संपू शकली असती. अशा कितीतरी संपल्या असतील, ज्यांची नोंद कुठेच नाही. पण भीमरावांनी लंडन विद्यापीठाकडे परवानगी मागितली. त्यांचे मार्गदर्शक प्राध्यापक एडविन कॅनन यांनी शिफारस केली. विद्यापीठानं मान्य केलं: ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत या आणि अभ्यास जिथे सोडला तिथून पुढे चालू करा.

चार वर्षं! चार दिवस नव्हे. समोर कोण होतं? परक्या देशातला, पैसे संपलेला, परत येईल याची कसलीही हमी नसलेला एक विद्यार्थी. कॅनन यांना त्याच्यात काय दिसलं ते मी सांगू शकत नाही. पण पुढे त्याच प्रबंधाचं पुस्तक झालं, तेव्हा कॅनन यांनी त्याला प्रस्तावना लिहिली आणि लेखकाशी आपले मतभेद आहेत हेही त्यात मोकळेपणानं सांगितलं. विद्यार्थ्याचं म्हणणं पटत नसतानाही त्याला वेळ मिळावा असं वाटणारा हा शिक्षक.

आता ती चार वर्षं कशी गेली पाहा. ऑगस्ट १९१७ मध्ये भीमराव मुंबईला पोचले. पुस्तकं असलेलं त्यांचं सामान वेगळ्या जहाजावर होतं, ते जहाज युद्धात बुडालं. त्याच्या नुकसानभरपाईच्या पैशांतून ते बडोद्याला गेले, करार पाळायला. तिथे राहायला जागा मिळेना. जात लपवून एका पारशी निवासात उतरले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढलं. सबंध शहरात अर्थशास्त्राच्या या पंडिताला पथारी टाकण्यापुरती जागा नव्हती. एका बागेत झाडाखाली बसून राहिले आणि मुंबईची गाडी धरली. मुदतीतला पहिला काळ असा गेला.

नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात त्यांना प्राध्यापकी मिळाली. ती करताना डोळा लंडनवर होता. पगारातून पैसे बाजूला टाकत राहिले. मधल्या काळात जानेवारी १९२० मध्ये 'मूकनायक' काढलं, मार्चमध्ये माणगावची परिषद झाली. काही शिल्लक, काही शाहू महाराजांची मदत, काही नवल भथेना या पारशी मित्राकडचं कर्ज, असं करून १९२० च्या जुलैत बोट धरली. बडोद्यात पारशांच्या निवासातून बाहेर काढलेल्या माणसाला लंडनला पाठवण्यात एका पारशाचाच हात होता, हे मला फार मोलाचं वाटतं. लंडनला ते त्याच वर्षी पुन्हा दाखल झाले. दिलेल्या चार वर्षांतलं एक वर्ष अजून हाताशी होतं.

१९२१ मध्ये एम.एस्सी., १९२२ मध्ये बॅरिस्टरी, ऑक्टोबर १९२२ मध्ये डी.एस्सी.चा प्रबंध सादर. विषय होता रुपयाचा प्रश्न. इथे दुसरी अडचण आली. मार्च १९२३ मध्ये परीक्षकांनी प्रबंध पुन्हा लिहून द्यायला सांगितलं. ब्रिटिश राजवटीच्या चलनधोरणावरची टीका त्यांना झोंबली होती, असं चरित्रकार लिहितात. पैसे पुन्हा संपलेले. ते एप्रिलमध्ये मुंबईला आले, घरी बसून प्रबंध सुधारला आणि ऑगस्टमध्ये लंडनला पाठवला. नोव्हेंबर १९२३ मध्ये तो स्वीकारला गेला. १९१६ मध्ये घातलेला घाट सात वर्षांनी पुरा झाला. तिकडे कोलंबियाची पीएच.डी. छापील प्रती पोचल्यावर १९२७ मध्ये रीतसर मिळाली, म्हणजे प्रबंध दिल्यावर अकरा वर्षांनी.

आपण त्यांच्या नावापुढच्या पदव्या एका दमात वाचतो. त्यांच्या मधल्या तारखा वाचत नाही.

लंडनची ती मुदत १९१७ ची. बरोबर शंभर वर्षांनी, २०१७ साली, आमच्या मुंबई विद्यापीठानं उन्हाळी परीक्षांच्या सगळ्या उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायचं ठरवलं. उत्तरपत्रिका सतरा लाखांच्या आसपास, तयारी अपुरी. कायद्यानं निकाल फार तर ४५ दिवसांत लागायला हवेत. ते दिवस उलटले. कुलपती म्हणजे राज्यपालांनी ३१ जुलैची मुदत घातली, तीही उलटली. मग एकामागून एक तारखा आल्या आणि गेल्या, सप्टेंबर उजाडला. ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आलं. पुढच्या प्रवेशाच्या, परदेशी विद्यापीठांच्या, नोकरीच्या तारखा मात्र निकालासाठी थांबल्या नव्हत्या. आमच्या उरण-पनवेलकडची मुलंही याच विद्यापीठाची. विद्यार्थ्याला उशीर झाला तर विलंब शुल्क, आणखी उशीर झाला तर अतिविलंब शुल्क. विद्यापीठाला उशीर झाला तेव्हा ते कोणत्या खिडकीवर भरलं जातं, हे मला अजून कळलेलं नाही. मुदत पाळू नका असं मी म्हणत नाही. माझे सहा महिने मीही भरलेच. पण मोहलत कोणाला मिळते आणि कोणाला नाही, याचा हिशेब टेबलाच्या दोन्ही बाजूंना सारखा असावा, इतकंच.

ती मुलगी सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "चाचा, त्यांची गोष्ट मोठी. मला आठ दिवस पुरतील." मग तिनं अर्ज स्वतःच लिहिला. कोणत्या तारखेला कोणती पाळी होती, आजारपण कधीपासून, प्रकल्प किती झाला आहे, किती राहिला आहे आणि कोणत्या दिवशी देईन. रडगाणं कुठेच नव्हतं. मी दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ तेवढं दुरुस्त केलं आणि सांगितलं की प्रत काढ, पोच घेतल्याशिवाय हलू नकोस.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती प्रत दाखवायला आली. आठ दिवस मिळाले होते, काही गुण कापले जाणार होते. मी चष्मा लावला आणि शिक्क्याखाली तारीख पडली आहे ना, ते आधी पाहिलं.